मुख्यमंत्रिपद गेल्यानंतरच्या ताई

गोव्यात प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा वाद पेटला की शशिकला काकोडकर यांचे नाव निघतेच. एरवी त्यांची ओळख दोन गोष्टींत आटोपते: गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची कन्या आणि गोव्याच्या आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री. माध्यमाचा निर्णय, म्हणजे सरकारी अनुदान भारतीय भाषांतल्या शाळांनाच देण्याचा, मात्र त्यांनी मुख्यमंत्री म्हणून घेतलेला नाही. तो शिक्षणमंत्री असतानाचा, तेही काही महिनेच टिकलेल्या सरकारातला.

भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात ताई राज्यमंत्री होत्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब अचानक गेले आणि महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाने नेतृत्व ताईंकडे दिले. वारशाने खुर्ची मिळाली हे खरेच, पण १९७७ ची निवडणूक त्यांनी स्वतःच्या बळावर जिंकून दाखवली. मगो पक्षाचा आधार म्हणजे कुळे आणि मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारे), भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारा बहुजन समाज. ताईंच्या काळात १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले. एवढे करूनही सरकार टिकले नाही. बसभाड्यात सवलत मागणाऱ्या विद्यार्थ्यांचे आंदोलन सरकारला जड गेले, पक्षातलेच आमदार फुटले आणि एप्रिल १९७९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागली.

त्यानंतरची दहा वर्षे पडतीची. १९८० च्या पराभवानंतर त्या काँग्रेसमध्ये गेल्या. मगोच्या निष्ठावंतांना ते फार लागले. पुढे काँग्रेस सोडून त्यांनी भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढून पाहिला, तोही चालला नाही आणि त्या मगोत परतल्या.

दरम्यान गोवा राजभाषेच्या प्रश्नावर दुभंगला होता. १९८५ मध्ये लुइझिन फालेरो यांनी कोकणीला राजभाषा करण्यासाठी खासगी विधेयक मांडले, मराठीवादी विरोधात उभे राहिले आणि १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली. सरकारी वापरासाठी मराठीलाही जागा मिळाली, पण मने जुळली नाहीत.

१९९० मध्ये काँग्रेसचे काही आमदार फुटले आणि मगोच्या साथीने पुरोगामी लोकशाही आघाडीचे सरकार आले. शिक्षण खाते ताईंकडे होते. यापुढे सरकारी अनुदान मराठी, कोकणी अशा भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच, असे त्यांनी ठरवले. यातला विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीचा कैवार घेणाऱ्या पक्षाच्या या निर्णयामुळे चर्चच्या व्यवस्थापनाखालील अनेक इंग्रजी शाळांनी अनुदानासाठी कोकणी माध्यम स्वीकारले. राजभाषा कायद्याला जमले नव्हते ते कोकणीसाठी मगोच्या मंत्र्याने केले. डिसेंबरात ते सरकार पडले, धोरण मात्र वीस वर्षे टिकले. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत इतका दूरगामी दुसरा निर्णय जमीन कायद्यांचाच म्हणावा लागेल.

२०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर आल्या. शेजारी संघाचे तेव्हाचे गोवा प्रमुख सुभाष वेलिंगकर होते आणि चक्क कोकणीवादी नेते उदय भेंब्रेही. राजभाषेच्या वेळी ज्यांची तोंडे विरुद्ध दिशांना होती, ते आता अनुदान भारतीय भाषांतल्या शाळांनाच द्या, या एकाच मागणीसाठी सभा घेत होते. काँग्रेसविरुद्धच्या या रोषाचा फायदा २०१२ च्या निवडणुकीत भाजपला झाला, पण मनोहर पर्रीकरांच्या सरकारनेही चर्चच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच ठेवले. मग मंचाने आपला मोर्चा भाजपकडे वळवला.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी ताईंचे निधन झाले. त्याच महिन्यात वेलिंगकर आणि सहकाऱ्यांनी गोवा सुरक्षा मंच हा पक्ष स्थापन केला होता. २०१७ मध्ये त्याने मगो आणि शिवसेनेशी युती करून निवडणूक लढवली, त्याची एकही जागा आली नाही.