डेव्हिस, आयझॅक : कुटुंबवृत्तांत

आयझॅक डेव्हिस (२३ फेब्रुवारी १७४५–१९ एप्रिल १७७५) हा मॅसॅचूसेट्स वसाहतीतील अ‍ॅक्टन गावच्या मिनिटमन तुकडीचा कप्तान. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी काँकर्डच्या उत्तर पुलावर तो मारला गेला. मिनिटमन म्हणजे गावच्या नागरी फौजेतले, हाक येताच निघायचे असे ठरलेले लोक. एरवी ते आपापली शेती नाहीतर धंदा सांभाळत. डेव्हिसचा धंदा बंदुका बनवण्याचा. त्यामुळे त्याच्या माणसांच्या बंदुकांना संगिनी होत्या, आणि पुलावर चालून जाताना अ‍ॅक्टनची तुकडी पुढे ठेवण्याचे कारण म्हणून बहुधा हेच सांगितले जाते.

लढाईची हकिकत अनेकांनी लिहिली आहे. घरातली हकिकत मात्र बहुतांशी त्याच्या बायकोच्या, हॅनाच्या, तोंडची आहे. ती तिने साठ वर्षांनी, १८३५ मध्ये, जबानी म्हणून लिहून दिली. ही जबानी शोधणाऱ्याने एक लक्षात ठेवावे : तिच्याखाली डेव्हिस हे आडनाव नाही, लेटन आहे. माहेरची ती ब्राउन. डेव्हिसशी तिचे लग्न १७६४ मध्ये झाले. तो गेल्यावर १७८२ मध्ये सॅम्युएल जोन्सशी आणि १८०२ मध्ये फ्रान्सिस लेटनशी. घराण्याची वंशावळ एकाच आडनावाने चाळली, तर त्या दिवसाची मुख्य साक्षीदारच हातून निसटते.

जबानी छोटी आहे, पण नेमकी. हॅना तेव्हा २९ वर्षांची होती. मुले चार, धाकटे सुमारे पंधरा महिन्यांचे. सगळीच आजारी, काहींना घसा धरून अंगावर पुरळ उठवणारा ताप. पहाटे इशारा आला तशी तुकडीतली बरीच माणसे घरी जमली आणि तिथेच बसून त्यांनी काडतुसे वळली. दिवस तास-दोन तास वर आला तेव्हा ते निघाले. नवरा त्या सकाळी फारसा बोलला नाही, विचारात होता. निघताना काही सांगायचे आहे असे वाटले, पण ‘मुलांना नीट सांभाळ’ एवढेच म्हणाला. दुपारी त्याचे प्रेत घरी आले. ते अंत्यविधीपर्यंत हॅनाच्या निजायच्या खोलीत ठेवले होते. चेहरा प्रसन्न होता, फारसा बदलला नव्हता, असे ती सांगते. त्याच्याच तुकडीतला अ‍ॅब्नर हॉस्मर पुलावर पडला होता, तर नागरी फौजेतला जेम्स हेवर्ड लेक्झिंग्टनमध्ये जखमी होऊन वारला. त्या दोघांनाही त्याच घरी आणले आणि तिघांचा अंत्यविधी एकत्र झाला.

याच्या भोवती दंतकथाही साचल्या. त्यांतली एक मराठी वाचकाला ओळखीची वाटेल : लढाईच्या काही दिवस आधी घरात घुबड शिरले आणि डेव्हिसच्या आवडत्या बंदुकीवर जाऊन बसले. घरच्यांनी अपशकुन मानला. त्याने मात्र कोणाला ते हुसकू दिले नाही. ‘पुढे जायला भिणारा एकही माणूस माझ्या तुकडीत नाही’ हे पुलापाशी त्याच्या तोंडी घातलेले वाक्यही निरनिराळ्या शब्दांत आढळते. ते जसेच्या तसे धरू नये.

जबानी १८३५ मध्येच का घेतली गेली, याला गावकीचा वाद कारण आहे. अ‍ॅक्टन १७३५ मध्ये काँकर्डमधून वेगळे झालेले गाव. शंभर वर्षांनी पुलावरच्या लढाईचे श्रेय कोणाचे, यावर दोन्ही गावांत जुंपली. काँकर्डच्या छापील इतिहासात आपल्या माणसांवर अन्याय झाला, असे अ‍ॅक्टनकरांचे म्हणणे होते. जोसाया अ‍ॅडम्स याने गावची बाजू मांडली आणि वृद्धांच्या जबान्या पुढे केल्या. तेव्हा हॅनाची आठवण वाचताना ती वादात पुरावा म्हणून घेतलेली आहे, हे विसरून चालत नाही. तरी काडतुसे आणि मुलांचा ताप यांनी कोणत्याच गावाचे श्रेय वाढत नाही. म्हणून हेच तपशील अधिक भरवशाचे वाटतात.

डॅनिएल चेस्टर फ्रेंच याने घडवलेला मिनिटमनचा पुतळा १८७५ मध्ये, लढाईच्या शताब्दीला, पुलाजवळ उभा राहिला. एका हातात बंदूक, दुसरा नांगरावर. डेव्हिसचे नाव त्याच्याशी जोडले जाते, पण तो उभा आहे काँकर्डमध्ये. अ‍ॅक्टनचा स्मारकस्तंभ त्याच्या आधीचा, १८५१ चा. तो उभारताना डेव्हिस, हॉस्मर आणि हेवर्ड यांचे अवशेष जुन्या कबरींतून काढून त्याच्याखाली पुरण्यात आले. हॅना त्यापूर्वी दहा वर्षे, १८४१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी वारली होती.