पार्श्वभूमी : चित्रातला ४-२-३-१, मैदानातला ४-४-१-१

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर २६’ हा संगणकावर फुटबॉल संघ चालवायचा खेळ आला आणि इंदूरमधल्या आपल्या मराठी मंडळींत जुना वाद नव्याने पेटला. २५ ची आवृत्ती फेब्रुवारीतच रद्द झाल्यामुळे बहुतेकांनी दोन वर्षं २४ वरच काढली होती. तिथे घासूनपुसून तयार केलेला ४-२-३-१ (गोलकीपर सोडून, मागून पुढे प्रत्येक ओळीत किती खेळाडू ते) नव्या खेळात जसाच्या तसा मांडला, तर उजव्या बाजूने गोल खायला लागले. चूक खेळाची की मांडणाऱ्याची, यावर राजेंद्रनगर ते सुदामानगर कुठेच एकमत नाही. पण हे भांडण यंदाचं नव्हे. ते वीसेक वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरतंय: टॅक्टिक्सच्या पडद्यावर आपण अकरा जण मांडतो, ते चेंडू आपल्याकडे असतानाचे की समोरच्याकडे असतानाचे?

खऱ्या मैदानावरचा इतिहास इथे धावताच घेतो. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आक्रमकापुढे तीनऐवजी दोनच विरोधी खेळाडू पुरेसे ठरले आणि २-३-५ रचनेतला मधला हाफ मागे ओढून डब्ल्यू-एम (मैदानावर या दोन अक्षरांसारखी दिसणारी) रचना आली. १९५३ साली वेम्बलीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने धुतलं, ते हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड खाली उतरला की त्याच्यामागे जायचं कोणी, हे न ठरल्यामुळे. १९५८ चा ब्राझील कागदावर ४-२-४ होता, पण डावा विंगर मागे येऊन तिसरा मिडफिल्डर व्हायचा आणि रचना ४-३-३ दिसायची. एकाच संघाचे दोन आकडे असतात हे फुटबॉलवाल्यांना तेव्हापासून माहीत आहे. संगणकाला ते कळायला फार वेळ लागला, आणि कळल्यावरही त्याने मधेच ते सोडून दिलं.

इंदूर हे क्रिकेटचं गाव. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, ते कौतुक अजून सरलेलं नाही. फुटबॉलचं नाव काढलं की लोक महूच्या छावणीकडे बोट दाखवतात. तरीही ऑक्टोबर २००१ मध्ये आलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२’, याच बनवणाऱ्यांचा जुना खेळ, इथे रुजला. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नसे, कारण सामना दिसतच नव्हता, नुसत्या समालोचनाच्या ओळी सरकायच्या. घरी हिशेबासाठी घेतलेला जुना पेन्टियमही पुरायचा. जेल रोडवरून आणलेली एक सीडी गल्लीभर फिरायची. एकाच संगणकावर तीन-चार जण आपापल्या संघाचे मॅनेजर होत आणि पाळी आली की खुर्चीत बसत. त्या दिवसांत मध्य प्रदेशात विजेची बोंब होती, २००३ ची विधानसभा निवडणूकही त्या मुद्द्यावर गाजली. ऐंशीव्या मिनिटाला बत्ती गुल झाली की सेव्ह न केलेला सगळा महिना गेला. हरत असलेला मॅनेजर अशा वेळी मेणबत्ती शोधायला फारसा उत्सुक नसे.

त्या आवृत्तीत रचना मांडायला दोन पडदे होते, एक चेंडू आपल्याकडे असतानाचा आणि एक नसतानाचा. मैदानाचे चौकोन पाडलेले असत. चेंडू अमुक चौकोनात असला तर प्रत्येकाने कुठे उभं राहायचं, हे माउसने ओढून ठरवायचं. इंग्लंडातले खेळणारे याला लाडाने ‘विब-वॉब’ म्हणत. आपल्याकडे नुसतं ‘चौकोन’ म्हटलं तरी कळायचं. लेफ्ट बॅकला चेंडू पुढे गेल्यावर थेट विंगवर ठेवता येई आणि चेंडू गेला की परत त्याच्या जागी. मधलं साठ-सत्तर मीटर अंतर त्याने कधी कापलं, दमला का, हे कुणी विचारत नव्हतं. विचारणार कसं, बघायला काही होतंच कुठे!

मार्च २००३ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर ४’ आला आणि सामना पहिल्यांदा वरून दिसू लागला, हिरव्या मैदानावर सरकणाऱ्या चकत्यांच्या रूपात. पाठोपाठ ०३/०४ च्या आवृत्तीत ‘डियाब्लो’ नावाची टॅक्टिक जगभर पसरली. तिची सगळी करामत एका बाणात, म्हणजे खेळाडूने कुठे धावायचं ते दाखवणाऱ्या खुणेत होती. मधल्या मिडफिल्डरला पुढे जाणारा लांब बाण दिला की तो दोन स्ट्रायकरांच्या मधोमध घुसायचा, बचावपटू दोघांच्या मागे फाकलेले असायचे आणि हा गडी पोत्याने गोल करायचा. इथेही ती पोचली, आणि ‘डियाब्लो लावायचा नाही’ हा एका संगणकावर खेळणाऱ्यांचा अलिखित नियम झाला. तो पाळला किती गेला, हा भाग वेगळा. पुढे खेळ बनवणारे आणि खेळाच्या नावाचे मालक वेगळे झाले. नोव्हेंबर २००४ मध्ये बनवणाऱ्यांनी ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ आणला, तोवर चौकोन गेले होते. उरले फक्त बाण.

चौकोन काढले हे बरं झालं की वाईट, यावर जितकं बोललं गेलंय तितकं दुसऱ्या कशावर नाही. विरोधकांचं म्हणणं सरळ आहे. प्रशिक्षक खेळाडूला हेच तर सांगतो: चेंडू तिथे असेल तर तू इथे ये. मग सांगायची सोयच काढून घेतली तर मॅनेजर उरला कशाला? त्यांचं दुसरं म्हणणं असं की चौकोनांमुळे रचना कुणालाही उघड वाचता यायची. पुढच्या आवृत्त्यांत ती शब्दांच्या आणि सूचनांच्या आड गेली. बाजूने बोलणारे म्हणतात, चौकोनांनी माणसांच्या सोंगट्या केल्या होत्या. संगणकाचे मॅनेजर त्या सोयीचा मनुष्यासारखा उपयोग करू शकत नव्हते, त्यामुळे चौकोन नीट भरणाऱ्याला लीग जिंकणं हा नुसता कारकुनी उद्योग झाला होता. शिवाय मैदानावरचा खेळाडू ठिकाण पाठ करून धावत नाही. तो शेजारच्याला बघतो, समोरच्याला बघतो, स्वतःच्या पायातलं बळ बघतो आणि मग जागा घेतो. सामना डोळ्यांनी दिसायला लागल्यावर लेफ्ट बॅकने हवेतून उडी मारून विंगवर प्रकट व्हायचं, हे कितपत शोभलं असतं? दुसरी बाजू मला जास्त पटते, हे लपवण्यात अर्थ नाही. चौकोन गेले म्हणूनच पुढची दहा-पंधरा वर्षं मंडळी एक रचना दुसरीत कशी उतरवायची हे शिकली.

ते शिकणं खरं सुरू झालं २००९ नंतर. २००९ च्या आवृत्तीत सामना त्रिमितीत दिसू लागला. २०१० च्या आवृत्तीत बाण मागे पडून प्रत्येकाला भूमिका आणि तिच्या जोडीला काम आलं: बचाव, आधार की हल्ला. आणि नेमकं त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक झाला. उपांत्य फेरीतल्या चार संघांपैकी स्पेन, हॉलंड आणि जर्मनी हे तिन्ही ४-२-३-१ ने खेळत होते. टीव्हीवर सामन्याआधी तीच आकृती, दुसऱ्या दिवशी पेपरात तीच आकृती. इंदूरमध्ये ज्याच्या घरी खेळ होता त्याने ती आकृती उचलून पडद्यावर मांडली: चार बॅक, दोन मिडफिल्डर, त्यांच्या पुढे डावीकडे-मधे-उजवीकडे तिघे आणि टोकाला एक.

इथेच गाडी अडली, आणि अजून कित्येकांची इथेच अडते. टीव्हीवरची आकृती संघ हल्ला करतानाची असते. चेंडू गेला की त्या तिघांतले दोन्ही बाजूचे विंगर धावत मागे येतात, दोन मिडफिल्डरांच्या ओळीत बसतात आणि चौघांची भिंत तयार होते. आकडा झाला ४-४-१-१. संगणकावरच्या खेळाचं गणित उलट होतं. पडद्यावर मांडलेली जागा म्हणजे मुख्यतः चेंडू नसतानाची जागा. चेंडू मिळाल्यावर कोण कुठे जाईल हे भूमिका आणि काम यावरून ठरायचं. त्यामुळे विंगरला तुम्ही वरच्या, अटॅकिंग मिडफिल्डरच्या ओळीत ठेवलंत की चेंडू गेल्यावरही तो साधारण वरच राहायचा. समोरचा संघ ४-४-२ खेळत असेल तर त्याचा डावा विंगर आणि डावा बॅक दोघे मिळून तुमच्या एकट्या राइट बॅकवर चालून येणार. क्रॉस, हेडर, गोल. मग राइट बॅक विकून नवा घ्यायचा, तोही तसाच उघडा पडायचा आणि शिव्या खायचा.

यावरचा उपाय कागदावर अगदी छोटा. विंगर एक ओळ खाली, साध्या मिडफिल्डच्या रांगेत मांडायचे आणि त्यांना ‘हल्ला’ हे काम द्यायचं. पडद्यावर दिसतं ४-४-१-१, चेंडू मिळाला की ते दोघे सुटतात आणि मैदानावर दिसतो टीव्हीवरचा ४-२-३-१. पण हे पटवणं महाकठीण होतं. ‘दादा, ४-४-१-१ तर भित्र्यांचं फॉर्मेशन, मला ४-२-३-१ खेळायचंय,’ हे वाक्य त्या काळात खेळलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. आकड्याचा मोह असा की लोक गोल खातील, पण वरचे ठिपके खाली ओढणार नाहीत.

मधल्या दोघांचाही घोळ होताच. खेळात ४-२-३-१ दोन प्रकारे मांडता येतो. एकात ते दोघे साध्या मिडफिल्डच्या ओळीत, दुसऱ्यात त्याच्या खालच्या, बॅकलाइनपुढच्या ओळीत. वर ठेवले तर बॅकलाइनपुढची पट्टी मोकळी राहते आणि समोरच्याचा नंबर दहा (स्ट्रायकरामागचा खेळाडू) तिथे आरामात चेंडू घेऊन वळतो. खाली ठेवले तर पट्टी बंद होते, पण पुढचे तिघे आणि हे दोघे यांच्यात दरी पडते, चेंडू हिसकावल्यावर द्यायचा कुणाला हा प्रश्न उरतो. यात बरोबर-चूक काही नाही. हाताशी कोणते दोघे आहेत त्यावर ठरतं. पळणारे असतील तर वर, जागा राखणारे असतील तर खाली.

पुढच्या आवृत्त्या या मांडणीवर थर चढवत गेल्या. २०१४ च्या आवृत्तीत जुने स्लायडर (सूचनेची मात्रा सरकवून ठरवायच्या पट्ट्या) पूर्ण गेले, त्यामुळे आकड्यांत खेळणाऱ्यांचा एक गट रुसला आणि कायमचा ०१/०२ कडे परतला. तो जुना खेळ आजही चालवणारे आहेत. २०१८ च्या आवृत्तीत मेझ्झाला (कडेकडे सरकून हल्ला करणारा मिडफिल्डर) आणि कॅरिलेरो (कडेची जागा सांभाळणारा) या भूमिका आल्या आणि तीन मिडफिल्डरांची रचना करणं सोपं झालं. २०१९ च्या आवृत्तीत सूचनांचे तीन भाग पडले: चेंडू आहे, चेंडू नाही आणि हातबदल होतो तो क्षण. बचावाची ओळ आणि अडवायला सुरुवात कुठून करायची ती ओळ, या दोन वेगळ्या झाल्या. दुसरी ओळ खाली आणली की वरचे विंगरही थोडे मागे येऊ लागले, त्यामुळे ४-२-३-१ चा हट्ट धरणाऱ्यांना जरा दिलासा मिळाला. २०२२ च्या आवृत्तीत तीन बॅकमधल्या कडेच्या दोघांना पुढे सरकायची मुभा देणारी भूमिका आली.

मैदानावरची हवाही बदलली होती. मँचेस्टरच्या एका क्लबने २०२३ साली एकाच मोसमात तीन मोठे करंडक जिंकले, ते सेंटर बॅकला चेंडू मिळताच मिडफिल्डमध्ये पाठवून. बचाव करताना चौघे मागे, हल्ल्यात मागे तीन, पुढे दोन आणि त्यापुढे पाच. (डब्ल्यू-एमचा हल्लाही साधारण असाच दिसायचा, शंभर वर्षांनी फिरून तिथेच आलो.) हे सगळं नुसत्या भूमिकांतून बसवणं २४ च्या आवृत्तीत होत होतं, पण ओढाताण करून.

२६ मध्ये मग दोन पडदे परत आले. चेंडू असतानाची रचना वेगळी, नसतानाची वेगळी, दोन्हींतल्या भूमिकाही वेगळ्या. बचाव-आधार-हल्ला ही कामं काढून टाकली. जुने खेळाडू ‘विब-वॉब परत आलं’ म्हणून खूश आहेत, पण ते तितकंसं खरं नाही. चेंडूच्या जागेप्रमाणे चौकोन भरायची सोय परत आलेली नाही, आणि आता खेळाडू उडी मारून जागेवर प्रकट होत नाही, त्याला धावावं लागतं.

म्हणून २४ मधला ४-२-३-१ इथे नुसता उचलून चालत नाही. तिथल्या चित्रातल्या जागा चेंडू नसतानाच्या धरलेल्या होत्या आणि हल्ला कामातून यायचा. इथे ते काम नाही, हल्ला दुसऱ्या पडद्यावर हाताने मांडावा लागतो. ज्यांनी तेव्हा विंगर खाली ओढले होते त्यांना फारसा त्रास नाही: ४-४-१-१ चेंडू नसतानाच्या पडद्यावर, ४-२-३-१ चेंडू असतानाच्या. ज्यांनी वरच ठेवले होते त्यांनी तीच आकृती दोन्ही पडद्यांवर उतरवली, आणि राइट बॅक पुन्हा एकटा पडला.

मात्र पहिल्या गटातल्यांनाही एक गोष्ट मोसम निम्मा झाल्यावर दिसू लागली. दोन्ही पडद्यांतलं अंतर जितकं जास्त, तितका चेंडू गेल्यानंतरचा क्षण धोक्याचा, कारण अर्धे खेळाडू वाटेत असतात. डावा विंगर एका ओळीने मागे येणार असेल तर सत्तराव्या मिनिटापर्यंत निभतं, त्याचा स्टॅमिना आणि वर्क रेट बरा असला तर शेवटपर्यंत. राइट बॅकने हल्ल्यात मिडफिल्डच्या मधोमध जायचं आणि बचावात परत कडेला यायचं, अशी मांडणी केली तर प्रतिहल्ल्यात तो हमखास उशिरा पोचतो. त्यामुळे आता बरेच जण दोन्ही चित्रांत दोन-तीन खेळाडूंचीच जागा बदलतात आणि बाकीच्यांना जागचं हलवत नाहीत.