जर्मन आडनावे आणि वंशशोध

जर्मन भाषक प्रदेशात वंशपरंपरेने चालणारी आडनावे साधारण बाराव्या शतकापासून रूढ होऊ लागली. सुरुवात दक्षिण व पश्चिमेकडील शहरांत झाली, खेडी मागाहून आली. उत्तर समुद्रालगतच्या पूर्व फ्रिसलंडमध्ये तर वडिलांच्या नावावरून दर पिढीला बदलणारी नावे एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. तिथे कायम आडनावाचा हुकूम १८११ साली नेपोलियनच्या राजवटीत निघाला. ज्यू कुटुंबांवर ही सक्ती ऑस्ट्रियात १७८७ साली आणि प्रशियात १८१२ साली झाली. त्यामुळे अशा घराण्यांचा त्याआधीचा माग आडनावावरून सहसा लागत नाही.

आडनावे मुख्यतः धंदा, वडिलांचे नाव, राहण्याची जागा किंवा टोपणनाव यांवरून पडली. म्युलर (गिरणीवाला), श्मिट (लोहार) व वेबर (विणकर) ही धंद्याची नावे. शुल्त्से म्हणजे गावचा कारभारी, मायर म्हणजे जमीनदाराची शेती पाहणारा. कायझर (सम्राट) वा क्योनिग (राजा) आडनावाचे लोक राजवंशातले नसतात. नाटकातली भूमिका, राजाच्या पदरची चाकरी किंवा नुसती थट्टा एवढ्यावरही असे नाव पडे.

एकाच धंद्याला प्रदेशागणिक वेगळा शब्द असल्याने नावावरून बोलीचा पट्टा कळतो. कुंभार दक्षिणेत हाफनर, पूर्वेकडे ट्यॉप्फर, ऱ्हाईन नदीकाठच्या काही भागांत ऑयलर. खाटीक नैऋत्येला मेट्सगर, पूर्वेकडे फ्लायशर. उत्तरेतला श्रोडर बहुधा शिंपी, म्हणजे इतरत्रचा श्नायडर. हान्सन, पेटरसन अशी नावे अगदी उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांताची खूण, तर ‘-इट्स’ने संपणारी किंवा ब्युलोसारखी ‘-ओ’कारान्त नावे बऱ्याचदा पूर्वेकडच्या स्लाव्ह गावनावांतून आलेली. सोळाव्या-सतराव्या शतकांतील विद्वानांनी आपली नावे लॅटिनमध्येही फिरवली: श्नायडरचा सार्टोरियस झाला, म्युलरचा मोलिटोर.

गावावरून पडलेली ‘-अर’ प्रत्ययाची नावे आपल्या ‘-कर’सारखी आहेत. न्युर्नबर्ग सोडून दुसरीकडे गेलेल्यालाच न्युर्नबर्गर म्हणत. खुद्द न्युर्नबर्गात त्या नावाने कोण ओळखला जाणार? मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे संस्कृतज्ञ गेओर्ग ब्यूलर यांचे आडनाव ‘टेकडीजवळचा’ या अर्थाचे, दक्षिणी वळणाचे, पण त्यांचा जन्म १८३७ साली उत्तरेकडच्या हानोव्हर राज्यातला. तेव्हा नावाचा अर्थ कळला म्हणून पूर्वज सापडत नाहीत. ज्या गावच्या चर्चमध्ये नोंद झाली त्या गावाचे नाव हाती यावे लागते.

नागरी नोंदणी ऱ्हाईनच्या डाव्या तीरावर १७९८ पासून, प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सर्व जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून आहे. नोंदणी कार्यालय (श्टांडेसाम्ट) जन्मनोंद ११० वर्षे, विवाहनोंद ८० वर्षे आणि मृत्युनोंद ३० वर्षे राखून ठेवते. तोवर ती साधारणपणे थेट वंशज व जवळच्या नातेवाइकांनाच मिळते, नंतर ती अभिलेखागारात जाऊन सर्वांना खुली होते. विवाहनोंदीत दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे मिळत असल्याने आधी ती मागवावी.

त्यामागे जायचे तर बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या चर्चमधील वह्या. कॅथलिक चर्चने १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेत विवाह व बाप्तिस्म्याच्या वह्या सक्तीच्या केल्या. प्रोटेस्टंटांच्या काही त्याहून जुन्या आहेत, पण तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) पुष्कळ जळाल्या. प्रोटेस्टंट वह्या ‘आर्किऑन’ या संकेतस्थळावर पैसे भरून, कॅथलिक वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, दोन्हीकडे सगळी गावे नाहीत.

खरी अडचण वाचनाची. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत ‘ए’ (e) आणि ‘एन’ (n) ही अक्षरे जवळजवळ सारखी दिसतात, ‘यू’वर (u) छोटी कमान असते ती ओळखून ठेवावी. महिन्यांत ‘७ब्रिस’ म्हणजे सप्टेंबर (लॅटिन ‘सेप्टेम’ म्हणजे सात), जुलै नव्हे, ‘८ब्रिस’ ऑक्टोबर. कॅथलिक प्रदेशांनी १५८३ च्या सुमारास ग्रेगोरियन पंचांग घेतले, प्रोटेस्टंटांनी १७०० साली, म्हणून मधल्या काळात शेजारच्या दोन गावांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो.

नावांतही चकवे आहेत. बायकांच्या आडनावाला ‘-इन’ लागे: म्युलरची मुलगी वा बायको म्युलरिन. एकाच घरातले चार भाऊ योहान असतील, हाक मात्र दुसऱ्या नावाने: योहान गेओर्ग म्हणजे गेओर्ग. मूल दगावले की पुढच्याला तेच नाव देत. म्हणून जन्मनोंद सापडल्यावर त्या मुलाची दफननोंद नाही ना, हे पाहणे आवश्यक. वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात शेतावर घरजावई आलेला पुरुष शेताचे नाव घेई, त्याची दोन्ही नावे ‘गेनान्ट’ (म्हणजे ‘ऊर्फ’) शब्दाने जोडलेली दिसतात. हे न कळल्याने बाप-लेकाची आडनावे वेगळी पाहून अनेकांचा धागा इथेच तुटतो. वाट अडली तर भावंडांच्या नोंदी आणि बाप्तिस्म्याचे धर्मपालक (गॉडपेरेंट) तपासावेत. ते बहुधा मामा, आत्या, काका असतात.

अमेरिकेत गेलेल्यांच्या कागदांवर बहुतेकदा फक्त ‘प्रशिया’ किंवा ‘बाडेन’ असे राज्याचे नाव लिहिलेले असते. हाम्बुर्गच्या १८५० ते १९३४ च्या प्रवासी याद्यांत राहते गाव सापडते. ब्रेमेनच्या बहुतेक याद्या नष्ट झाल्या. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात कारकुनांनी नावे बदलली, ही समजूत चुकीची. ते निघण्याच्या बंदरात तयार झालेल्या यादीवरूनच काम करत. श्मिटचा स्मिथ आणि त्सिमरमानचा कार्पेंटर लोकांनी नंतर स्वतःच केला. सायलेशिया, पोमेरेनिया व पूर्व प्रशियाचा बराचसा भाग आता पोलंडमध्ये असल्याने तिथल्या गावाचे जुने जर्मन आणि आजचे पोलिश अशी दोन्ही नावे लागतात. जुन्या नावासाठी १९१२–१३ चा मायर्सचा गाव-कोश पाहावा. त्यात गाव कोणत्या जिल्ह्याचे, नोंदणी कार्यालय कुठे आणि गावात स्वतःचे चर्च आहे का, हे संक्षेपाने दिलेले असते.