"एकही बँकर आत गेला नाही" : किती खरं?

सयाजीरावांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली ती आमच्या गावात, त्यामुळे बँकांवर बोलायला दांडिया बाजारात कुणाला निमित्त लागत नाही. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटातल्या बँकरांबद्दल तिथलं एक ठरलेलं वाक्य: "२००८ साली जग बुडवलं, सॉरी म्हणाले, सुटले. एकही आत गेला नाही!"

ब्रिटनपुरतं बरंचसं खरं. १० फेब्रुवारी २००९ रोजी संसदीय समितीपुढे दोन बुडीत बँकांच्या चार माजी बड्यांनी माफी मागितली. तुरुंगात त्यांतला कुणीच गेला नाही. त्यांतल्या फ्रेड गुडविन (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचे माजी प्रमुख) यांना वर्षाला सुमारे ७ लाख पौंड पेन्शन, हे कळल्यावर लोक खवळले. सरकारने ती जप्त केली, ही मात्र निव्वळ थाप. बोंबाबोंब झाल्यावर गुडविन स्वतःच साडेतीन लाखांच्या आत यायला तयार झाले. (तेवढ्यातही कुणाचं अडत नाही म्हणा!) 'सर' हा किताब २०१२ साली गेला.

आइसलँडने मात्र खास सरकारी वकील नेमला. काउपथिंग बँकेच्या प्रमुखाला साडेपाच वर्षांची शिक्षा झाली, तीही बँक बुडवली म्हणून नव्हे, शेअर बाजारात फसवाफसवी केली म्हणून. अमेरिकेत क्रेडिट स्वीस या बँकेच्या माजी अधिकाऱ्याला २०१३ साली ३० महिने मिळाले. त्याने रोख्यांचे भाव फुगवून तोटा लपवला होता.