गोलाईची शिलाई (गोधडी)

गोधडीच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या एका चौकोनात, एका तुकड्याची फुगीर कड दुसऱ्याच्या खोलगट कडेला जोडायची, ही गोलाईची शिलाई. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधडीत ती फारशी दिसत नाही, तिथं सरळ चौकोनी तुकडे आणि वरून धावदोरा, गोल पाहिजेच असला तर कडा मुडपून ठिगळासारखा वरून बसवतात. अमेरिकन क्विल्टमध्ये मात्र ती नेहमीची, ड्रंकार्ड्स पाथ नावाच्या डिझाइनमध्ये पाव वर्तुळ बसवलेले १६ छोटे चौकोन ४ बाय ४ मांडतात, नुसते इकडेतिकडे फिरवले की नागमोडी वाट तयार होते.

नवीन शिकणाऱ्या बायका याला उगाच घाबरतात. कटोरी ब्लाउज शिवणारीला, मुंढ्याला बाही लावणारीला हे काम आधीच येत असतं.

खरी अडचण मार्जिनमध्ये, म्हणजे शिलाईच्या रेघेबाहेर सोडलेल्या कापडात आहे. ते पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिमी ठेवतात. शिलाईची रेघ दोन्ही तुकड्यांवर सारख्याच लांबीची, पण कापलेली कड तशी नसते, फुगीर तुकड्याची लांब आणि खोलगटाची आखूड, पाव वर्तुळात हा फरक जवळपास पाऊण इंच पडतो आणि गोल लहान असो की मोठा, फरक तेवढाच राहतो! म्हणून वाटीने आखलेला गोल ताटाच्या गोलापेक्षा जास्त छळतो. एकाच रेघेवर दोन्ही तुकडे कापले तर जोड बसतच नाही, दोघांना रेघेबाहेर आपापलं मार्जिन सोडावं लागतं, त्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दोन फर्मे कापून ठेवलेले बरे.

दोन्ही कडा दुमडून मधोमध खूण करायची, सुलट बाजू समोरासमोर ठेवून आधी मधली टाचणी, मग दोन टोकं, मग बाकीच्या. खोलगट कडेला मार्जिनच्या निम्म्यापर्यंत बारीक कट मारायचे, त्याच्या पुढे गेलं की शिलाईतच भोक. हा तुकडा वर ठेवला की चुण्या हाताने सारत जाता येतात. पायमशीन हळू चालवायची, कापड अडलं तर सुई खाली रुतवून कापड दाबणारा फूट उचलायचा आणि कापड वळवायचं, टाका २ मिमीच्या आसपास. कड उरेबात, म्हणजे धाग्याला तिरकी जाते, त्यामुळे ओढलं की ताणली जाते, जुन्या मऊ लुगड्याला तर आधी पेजेची खळ द्यावीच. इस्त्री दाबायची, घासायची नाही.

सगळे ब्लॉक जोडून झाल्यावर खाली थर घालून धावदोरा टाकतात, तो गोल जोडापासून थोडा बाजूनं न्यावा, ऐन जोडावर कापड जाड असतं आणि सुई अडते.