मेस्ता

मेस्ता : ग्रीसच्या खिओस बेटावरील मध्ययुगीन तटबंदीचे दगडी गाव. एजियन समुद्राच्या पूर्व भागात, तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर असलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ८४२ चौ. किमी. असून मेस्ता त्याच्या नैर्ऋत्य भागात, खिओस शहरापासून सुमारे ३५ किमी. अंतरावर आहे. समुद्र अवघ्या काही किलोमीटरांवर असला, तरी चाच्यांच्या भीतीमुळे गाव मुद्दामच आतल्या बाजूस, किनाऱ्यावरून दिसणार नाही अशा सखल जागी वसवलेले आहे.

या गावाची रचना कळण्यासाठी आधी मस्तकी कळली पाहिजे. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत ‘रुमी मस्तकी’ या नावाने मिळणारी पिवळसर, पारदर्शक राळ ती हीच. ती देणारे झुडूपवजा झाड पिस्त्याच्या प्रजातीतील, म्हणजे आंबा व काजू यांच्याच कुळातील आहे. ते भूमध्य समुद्राभोवती अनेक ठिकाणी वाढते. मात्र व्यापारी प्रमाणात मस्तकी मिळते ती खिओसच्या दक्षिण भागातच. १३४६ मध्ये बेट इटलीतील जेनोआ या व्यापारी नगरराज्याच्या ताब्यात गेले आणि माओना या व्यापारी संघाने या राळेची मक्तेदारी हाती घेतली. भागधारकांच्या कंपनीने मुलूख चालवायचा, हा प्रकार भारतीय वाचकाला नव्याने समजावून सांगावा लागू नये. उत्पादकांनी सर्व माल ठरल्या भावाने संघालाच द्यायचा असा दंडक होता आणि मस्तकीच्या चोरीला अवयव छाटण्यापर्यंत शिक्षा होत्या. मेस्ता, पिर्गी, ओलिंबी ही तटबंदीची गावे याच काळात आकाराला आली. त्यामुळे तटाकडे केवळ रहिवाशांचे संरक्षण म्हणून पाहणे अपुरे ठरते. मालाची राखण हेही त्याचे तितकेच महत्त्वाचे काम होते.

गावाचा आराखडा साधारण पंचकोनी आहे. स्वतंत्र तट असा बांधलेलाच नाही. कडेच्या घरांच्या जाड पाठभिंती एकमेकींना जोडून तोच तट झाला असून कोपऱ्यांवर बुरूज आहेत. आत येण्याची दारे मोजकीच होती आणि ती रात्री बंद केली जात. बोळ अरुंद, वळणांचे आणि बरेचसे कमानींनी झाकलेले आहेत. या कमानी समोरासमोरच्या घरांना आधार देतात, शिवाय वरून जाण्याची वाटही करून देतात. धाबी जवळजवळ एकाच उंचीची असल्याने हल्ला झाल्यास लोक छपरांवरूनच मध्यवर्ती बुरुजापर्यंत पोहोचू शकत. शत्रूला बोळांत चकवावे आणि आपण त्याच्या डोक्यावरून निघून जावे, अशी ही योजना होती. घरे दुमजली व कमानदार छताची असत : खाली जनावरे व साठवण, वर राहण्याच्या खोल्या. वरच्या मजल्यावर उघड्या आभाळाचा एक छोटा चौक असतो. बाहेरच्या भिंतीला खिडक्या नसलेल्या या घरांत उजेड-वारा यायचा तो तेथूनच.

१५६६ मध्ये ऑटोमन सत्ता आली, तरी मस्तकीचे महत्त्व कमी झाले नाही. ही गावे आपला कर मस्तकीच्या रूपाने भरत. १८२२ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ऑटोमन सैन्याने केलेल्या कत्तलीत बेटावरील हजारो लोक मारले गेले किंवा गुलाम म्हणून विकले गेले. मस्तकीची गावे मात्र बहुतांशी वाचली. बेटाच्या मध्यभागी, कड्यावर वसलेले अनावातोस हे दगडी गाव त्याच कत्तलीत उद्ध्वस्त झाले आणि आज जवळजवळ ओस आहे. दोन्ही गावे एकाच सहलीत पाहिल्यास हा फरक अधिक जाणवतो. खिओस १९१२ मध्ये ग्रीसच्या ताब्यात आले.

मेस्ताचा मध्यवर्ती बुरूज आज नाही. एकोणिसाव्या शतकात तो पाडून त्या जागी थोरल्या ताक्सिआर्खिसचे, म्हणजे देवदूतप्रमुखाचे, प्रशस्त चर्च उभारण्यात आले. त्याच्या भोवतीचा चौक आता कॉफीच्या टेबलांनी भरलेला असतो. धाकटे, जुने ताक्सिआर्खिस चर्च त्याच्या कोरीव लाकडी पडद्यासाठी, म्हणजे वेदीपुढच्या मूर्तिचित्रांच्या आडभिंतीसाठी, पाहावे. घाईतल्या प्रवाशांकडून नेमके तेच राहून जाते. गाडी गावाबाहेर ठेवून पायीच आत शिरावे लागते. १९७० च्या दशकात सुरू झालेल्या शासकीय योजनेखाली येथील काही जुनी घरे दुरुस्त करून अतिथिगृहे करण्यात आली, त्यामुळे मुक्काम करता येतो. जवळच्या पिर्गीत घरांच्या दर्शनी भिंतींवर गिलावा खरवडून काढलेली काळी-पांढरी भौमितिक नक्षी आहे. मेस्तात तसे काही नाही, उघडा दगड हेच त्याचे रूप.

मस्तकीचे काम पाहायचे असल्यास जुलै ते सप्टेंबर हा काळ योग्य. झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून तिच्यावर पांढरी चुनखडीची माती पसरतात आणि मग खोडाला बारीक चिरा देतात. चिरेतून पाझरलेला थेंब पांढऱ्या मातीवर पडून काही दिवसांत घट्ट होतो. स्थानिक लोक त्याला ‘अश्रू’ म्हणतात. २०१२ च्या वणव्यात यातील बरीच झाडे जळाली. मस्तकीच्या लागवडीचे ज्ञान २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदले गेले आणि २०१६ पासून पिर्गीजवळ मस्तकीचे संग्रहालय सुरू आहे. वेचलेला माल निवडण्याचे काम पुढे हिवाळ्यापर्यंत चालते. तेव्हा पर्यटक जवळजवळ नसतात आणि बायका एकत्र बसून बारीक सुरीच्या टोकाने एकेका थेंबाला चिकटलेली माती खरवडत असतात.