शिसं अंगात गेलंय अशी शंका आली तर

पोटात अधूनमधून कळा, बद्धकोष्ठ, फिकट पडलेला चेहरा, चिडचिड. जंताचं औषध होतं, लोहाच्या गोळ्या होतात, महिने निघून जातात. घरातलं कुणी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत असेल तर याच किरकोळ तक्रारींमागे शिशाची विषबाधा असू शकते. डॉक्टरांनी कामधंद्याची चौकशी केली नाही, तर ती आपण आपणहून सांगायला हवी.

शिसं शरीरात कॅल्शियमच्या वाटेनं शिरतं. हिमोग्लोबिन तयार होण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणतं, म्हणून रक्त कमी होतं. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत साठलेलं दशकानुदशकं राहतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं. लहान मुलं पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. मेंदूचं नुकसान तर काहीही लक्षण न दिसताही होत राहतं. म्हणूनच माझा आग्रह आहे की लक्षणांची वाट बघू नका. संपर्क आला असेल तर तेवढंच कारण डॉक्टरांकडे जायला पुरेसं आहे.

संपर्क येतो कुठून? बाबांच्या कामाच्या कपड्यांवरच्या धुळीतून. जुन्या भिंतींचा रंग खरवडताना. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, भिंतींवरचे थर त्याआधीचे असतात. काही सुरम्यांतून, पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मिसळलेल्या हळदीतून. आणि नागभस्मातून, कारण ते शिशापासूनच बनवतात.

मुलाला झटका (आकडी) आला, उलट्या थांबत नाहीत, गुंगी आहे, चालताना तोल जातोय, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. अशा वेळी सकाळ उजाडायची वाट बघू नये, लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावं.

एरवी ‘ब्लड लेड’ ही तपासणी नाव घेऊन मागावी. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीत, शिशाचं प्रमाण कळत नाही. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळू शकते, त्यामुळे आकडा जास्त आला तर शिरेतलं रक्त देऊन खात्री करतात. सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांमध्ये ४५ किंवा त्यापुढे गेलं तर शिसं बाहेर काढणारी औषधं देतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ‘डिटॉक्स’च्या पुड्या मनानं घेऊ नयेत.

जाताना संशयित भस्माची बाटली, सुरम्याची डबी, हळदीची पुडी सोबत न्या. एका मुलात शिसं सापडलं तर त्याच्या भावंडांची आणि घरात गरोदर बाई असेल तर तिचीही तपासणी लगेच करून घ्या.